रोगाची मुदत आणि योजनेची मुदत



कर्करोग हा शब्द कानी पडला की मनात प्रथम भीती उभी राहते, आणि त्या भीतीपोटी आपण जे काही विचारतो ते बहुधा डॉक्टरांना विचारतो. गाठ कशाची आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल काय, रोगी बरा होईल काय, हे ते प्रश्न. त्यांची उत्तरे वैद्यकशास्त्राने द्यावयाची असतात, आणि ती पूर्वीपेक्षा आज पुष्कळच आशादायक झाली आहेत. परंतु रोग्याच्या घरात आणखीही काही प्रश्न असतात. खर्च कोणी सोसावयाचा, कोणत्या इस्पितळाचे दार आपल्यासाठी उघडे आहे, दाखला कोणाकडून आणावयाचा, हे प्रश्न डॉक्टरांच्या हातातले नसतात. त्यांचा निर्णय पणजीस, मुंबईस किंवा दिल्लीस होतो. असा एखादा निर्णय बदलला म्हणजे आमच्या हरमलसारख्या गावातील रोग्याच्या वाट्यास काय येते, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

हरमल हे पेडणे तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव. रापण ओढणारे, माडांच्या आणि काजूच्या उत्पन्नावर राहणारे, मिरचीचे पीक घेणारे, आणि अलीकडे पर्यटकांना खोल्या देऊन चार पैसे मिळविणारे असे लोक येथे राहतात. पावसाळ्यात मासेमारीही थांबते आणि पर्यटकही पांगतात. म्हणजे घरात येणारा पैसा हंगामी असतो. आजार मात्र हंगाम पाहून येत नाही. अशा घरातील अठ्ठेचाळीस वर्षांची एक स्त्री आपण डोळ्यांपुढे आणू. तिच्या स्तनात गाठ आहे. ती प्रथम तालुक्यातील आरोग्य केंद्रात जाईल, तेथून म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात, तेथून बांबोळीस गोमेकॉमध्ये. आणि कदाचित तेथून मुंबईस, परळला. बांबोळी हरमलपासून पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबई त्याच्या दहापटीहून दूर. या वाटेवर प्रत्येक टप्प्यास एक खिडकी आहे आणि प्रत्येक खिडकीपाशी एक नियम आहे.

या वाटेवरील संस्था एका दिवसात उभ्या राहिलेल्या नाहीत. पणजीचे वैद्यकीय विद्यालय १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत स्थापन झाले, आणि गोवा मुक्त झाल्यानंतर १९६३ साली ते गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा न्यासाने उघडले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आले आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेले. त्या रुग्णालयापुढील रस्त्यास डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. हे शल्यचिकित्सक मूळचे गोमंतकीय होते आणि त्यांनी आपले आयुष्य त्या रुग्णालयात कर्करोग्यांच्या सेवेत घालविले. हे सर्व सांगण्याचे कारण असे की, रुग्णालय एका न्यासाकडून सरकारकडे जाणे, एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जाणे, हेही धोरणातील बदलच होते. परंतु त्या बदलांत रोग्यासाठी दार बंद झाले नाही. कोकणातला माणूस आजही नुसते “टाटाला नेले” एवढेच म्हणतो, आणि ऐकणाऱ्यास सर्व समजते. धोरण बदलले तरी विश्वास टिकू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

आता आपल्या राज्याकडे वळू. २०१६ साली, हरमलचेच श्री. लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री असताना, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू झाली. राज्यात पाच वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबांसाठी ही योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास वर्षाला अडीच लाख रुपये, आणि चार किंवा अधिक माणसे असल्यास चार लाख रुपये, अशी ठरलेल्या उपचारांसाठी खर्चाची मर्यादा तिने घातली. उत्पन्नाची अट न घालता बहुतेक सर्व रहिवाशांना एका छत्राखाली घेण्याचा हा प्रयत्न होता आणि त्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. आजारपणात दागिना मोडणे, कुळागराचा तुकडा गहाण टाकणे, सावकाराचे घर गाठणे, या गोष्टी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना एका कार्डाची किंमत सांगावी लागत नाही. पुढे २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना आली. तिच्यात पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळाले. २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तर वर्षे व त्यावरील सर्व वृद्धांना, उत्पन्न कितीही असो, तिच्यात स्थान देण्यात आले.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु कर्करोगाचा हिशेब इतर आजारांसारखा नसतो, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, की माणूस घरी येतो आणि बिलाचा विषय संपतो. आपण ज्या स्त्रीची कल्पना केली तिचे तसे नाही. तिची शस्त्रक्रिया होईल. मग दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे औषधांचे सहा ते आठ डोस, म्हणजे चार ते सहा महिने. त्यानंतर किरणोपचार, आठवड्यातून पाच दिवस, तीन किंवा पाच आठवडे. तिच्या गाठीचा प्रकार तसा असेल तर ट्रास्टुझुमॅब नावाचे औषध दर तीन आठवड्यांनी, एकूण सतरा-अठरा वेळा, म्हणजे पुरे एक वर्ष. गाठ संप्रेरकांवर वाढणारी असेल तर रोज एक गोळी, पाच वर्षे आणि कधी कधी दहा वर्षे. आणि हे सर्व चालू असता, आणि संपल्यावरही, ठरावीक काळाने तपासणी.

आता या हिशेबापुढे योजनेचा हिशेब मांडून पाहा. योजनेची रक्कम वर्षाची असते. कार्डाचे नूतनीकरण ठरावीक मुदतीने करावे लागते. इस्पितळांशी झालेले करार मुदतीचे असतात. विमा कंपनीचे कंत्राट मुदतीचे असते, आणि मंत्रिमंडळही मुदतीचेच असते. वर्षभर चालणारे औषध एखाद्या स्त्रीला ऑगस्टमध्ये सुरू झाले, तर उपचाराच्या मध्यावर कोठेतरी आर्थिक वर्ष बदलणार, कार्डाची मुदत भरणार, किंवा एखादा करार संपणार, हे जवळजवळ ठरलेले आहे. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. रोगाची मुदत योजनेच्या मुदतीहून मोठी आहे, एवढाच त्याचा अर्थ. परंतु त्या बदलाच्या दिवशी जर डोस चुकला, तर त्याचे प्रायश्चित्त फाइलीला घ्यावे लागत नाही. ते रोग्याच्या शरीराला घ्यावे लागते. कर्करोगाच्या उपचारात ठरलेले अंतर पाळणे हा उपचाराचाच भाग आहे. मध्ये पडलेला खंड पुढे दुप्पट औषध देऊन भरून काढता येत नाही.

धोरणातील बदल हे नेहमी हानिकारकच असतात असे मात्र कोणी समजू नये. औषधांच्या किमतींबाबत आपल्या देशात जे निर्णय झाले त्यांनी असंख्य रोग्यांना जीवदान दिले आहे. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर इमॅटिनिब ही गोळी रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. ग्लिव्हेक या नावाने ती महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपयांना मिळे, तर आपल्याकडील कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत असे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेकचे पेटंट नाकारले आणि स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१२ च्या मार्चमध्ये, सोराफेनिब या औषधासाठी भारतात पहिला सक्तीचा परवाना दिला गेला आणि महिन्याच्या औषधाची किंमत सुमारे दोन लाख ऐंशी हजारांवरून ८,८८० रुपयांवर आली. ज्या ट्रास्टुझुमॅबचा उल्लेख मी केला, त्याला समरूप असे भारतीय औषध २०१३ च्या अखेरीस मंजूर झाले आणि २०१५ साली ते औषध राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आले. २०१९ च्या फेब्रुवारीत कर्करोगावरील ४२ औषधांच्या व्यापारी नफ्यावर तीस टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. २०२४ च्या अर्थसंकल्पात तीन महागड्या औषधांवरील आयातशुल्क उठविले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात वैयक्तिक आरोग्य विम्यावरील व तेहतीस औषधांवरील वस्तू व सेवा कर काढून टाकण्यात आला.

या निर्णयांचे मोल मोठे आहे. तथापि औषध स्वस्त होणे ही एक गोष्ट आणि ते रोग्याच्या हाती वेळेवर पडणे ही दुसरी गोष्ट. हरमलच्या घरी औषधाच्या किमतीशिवाय आणखी एक किंमत मोजली जाते. ती म्हणजे जाण्यायेण्याची. किरणोपचाराचे केंद्र पणजीच्या आसपास आहे असे धरू. जाऊन येऊन शंभर किलोमीटर. पाच आठवड्यांच्या उपचारात पंचवीस फेऱ्या, म्हणजे अडीच हजार किलोमीटर. बरोबर एक माणूस लागतो. त्याचा रोज बुडतो. स्तनाच्या कर्करोगात पुष्कळ रोग्यांना पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांचे किरणोपचार तितकेच गुणकारी ठरतात, हे आता सिद्ध झाले आहे. म्हणजे दहा फेऱ्या आणि एक हजार किलोमीटर वाचले. शास्त्रातील एवढ्याशा बदलाने घरचे केवढे ओझे उतरते! शासनाच्या धोरणानेही रोग्याच्या फेऱ्या मोजल्या पाहिजेत, असे म्हणावेसे वाटते ते याचसाठी. तुये येथील नवे इस्पितळ गोमेकॉशी जोडावे अशी मागणी पेडणे तालुक्यातील लोकांनी केली, तिच्यामागे हाच साधा हिशेब होता. औषधाचे ठरलेले डोस, रक्ताची तपासणी, जखमेची मलमपट्टी यांसाठी दर खेपेस बांबोळी गाठावी लागू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. केंद्र सरकारनेही २०२५ च्या अर्थसंकल्पात, तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाच्या दिवसभराच्या उपचारांची केंद्रे काढण्याचे जाहीर केले. ते प्रत्यक्षात उतरेल तेवढी रोग्याची वाट कमी होईल.

आता या वाटेवरील सीमेविषयी. पेडणे तालुक्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी आहे आणि नदीपलीकडे महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा. नकाशावर ही सीमा ठळक दिसते. माणसांच्या व्यवहारात ती फारशी कधी नव्हती. हरमलची लेक सातार्ड्यास दिलेली असते, आरोंद्याची सून केरीत आलेली असते. देव, जत्रा, सोयरिकी आणि बोली दोन्ही तीरांवर एक. तेव्हा सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले या भागांतील लोक मोठ्या आजारात बांबोळीची वाट धरीत आले, यात नवल नाही. १ जानेवारी २०१८ पासून गोमेकॉमध्ये परराज्यांतील रुग्णांकडून शुल्क आकारण्यास सुरुवात झाली. या निर्णयामागे काही कारण नव्हते असे नाही. गोमंतकातील करदात्याच्या पैशावर चालणारे इस्पितळ, खाटांची टंचाई, बाह्यरुग्ण विभागातील गर्दी, या गोष्टी खऱ्याच होत्या, आणि आपल्या रहिवाशांची सोय प्रथम पाहणे हे राज्याचे कर्तव्यच असते. परंतु सिंधुदुर्गातील रोग्यांवर तो घाव होता. दोडामार्गात लोक आंदोलनास बसले. पुढे महाराष्ट्राच्या महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून या रुग्णांचा खर्च भागविण्याची तोड निघाली.

तोड निघाली हे चांगले झाले. पण क्रम पाहा. आधी शुल्क आले, मग आंदोलन झाले, मग तोड निघाली. मधल्या महिन्यांत ज्याचे औषधाचे डोस अर्ध्यावर होते त्याने काय करावयाचे होते? दोन शेजारी राज्यांनी आधी एकत्र बसून हिशेब मिटवावा आणि मग खिडकीवर नवा दर लावावा, हा क्रम उलटा का असू नये? शुल्क लावावे की न लावावे, यावर मतभेद होऊ शकेल. पण उपचार चालू असलेल्या रोग्याला नवा नियम त्याचा उपचार संपेपर्यंत लागू करू नये, यावर दुमत होण्याचे कारण नाही. वाहत्या पाण्यात होडी बदलावयाची झाली तर दुसरी होडी शेजारी येऊन लागल्याखेरीज पहिलीतून पाय उचलू नये, हे तेरेखोलच्या काठावरील मुलासही ठाऊक असते.

अशी पहिली होडी एकाएकी निघून जाण्याचा प्रसंग २०२० साली सबंध देशाने पाहिला. कोविडच्या साथीमुळे टाळेबंदी झाली. तिची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. पण देशातील ४१ कर्करोग केंद्रांचा जो अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला त्यात असे दिसले की, त्या वर्षी मार्च ते मे या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षाच्या मानाने ५४ टक्क्यांनी आणि जुन्या रुग्णांच्या फेरतपासण्या ४६ टक्क्यांनी घटल्या. रोग घटला नव्हता. रोगी वाटेत अडकले होते. त्याच काळात रेल्वेने तिकिटांवरील बहुतेक सवलती बंद केल्या, वृद्धांचीही केली. परंतु रुग्णांच्या सवलती, आणि त्यांत कर्करोग्याची, कायम ठेवल्या. एक कलम राखले म्हणून कित्येक गरिबांची मुंबईची वारी शक्य झाली. नियम बदलताना रोग्याची आठवण ठेवणारा कोणीतरी त्या टेबलाशी होता, असेच म्हटले पाहिजे. प्रत्येक बदलाच्या वेळी असा कोणीतरी असावा, एवढीच अपेक्षा आहे.

कर्करोग लवकर ओळखला तर उपचार थोडा, खर्च थोडा आणि यश अधिक, हे आपण नेहमी ऐकतो. त्याला आपल्याच भागातील संशोधनाचा आधार आहे. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्याच मुलखात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर मान्य झाले. मुंबईत टाटा रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीचा पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांना चांगला लाभ होतो, असे त्यात २०२१ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी गोव्यात आरोग्य केंद्रांतून ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ हा उपक्रम एक लाख स्त्रियांची स्तनतपासणी करण्याच्या उद्देशाने हाती घेण्यात आला. अशा उपक्रमांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र तपासणीत गाठ सापडल्यानंतर त्या स्त्रीचा हात सोडता येत नाही. गाठ दाखवून देऊन पुढची वाट न दाखविणे म्हणजे तिची झोप उडविणे आणि औषध न देणे. तपासणीची मोहीम आणि उपचाराची सोय या दोन वेगळ्या फाइली असता कामा नयेत.

जे रोगी बरे होण्याच्या पलीकडे गेले आहेत त्यांच्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. त्यांना वेदनेपासून मुक्ती देणे हे तर आपल्या हाती आहे. मॉर्फिन हे त्यावरील जुने, स्वस्त आणि परिणामकारक औषध. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक परवान्यांमुळे इस्पितळे ते ठेवण्यास धजेनात आणि त्याचा वैद्यकीय वापर देशभर फार घटला. व्यसनाला आळा घालण्यासाठी केलेल्या कायद्याची शिक्षा अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांना भोगावी लागली. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याची पद्धत सोपी करण्यात आली. एकोणतीस वर्षांनी चूक सुधारली, हे चांगले. पण ती एकोणतीस वर्षे ज्यांच्या घरात कण्हण्याचा आवाज रात्रभर येत राहिला त्यांना ती कोण परत देणार? कायदा करताना ज्याचा विचार झाला नाही तोच कधी कधी त्याचा सर्वांत मोठा भार वाहतो, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

आणि आता जे बरे झाले त्यांच्याकडे वळू. हा वर्ग आपल्याकडे दिवसेंदिवस वाढत आहे आणि त्याचा विचार मात्र सर्वांत कमी होतो. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवला. योजनेच्या वहीत ही व्यक्ती आता संपलेले प्रकरण असते. पण तिच्या वहीत तसे नसते. तिला वर्षानुवर्षे गोळी घ्यावयाची असते, हाताची सूज सांभाळावयाची असते, दर काही महिन्यांनी तपासणीस जावयाचे असते, आणि प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री ती जागी असते. खाट अडविणाऱ्या रोग्याचा खर्च योजना उचलते. खाट न अडविणाऱ्याचा खर्च तुकड्यातुकड्यांनी, घरातूनच जातो.

विम्याचेही असेच होते. ज्याला एकदा कर्करोग झाला त्याला विमा कंपन्या दारात उभे करीत नसत. देशाच्या विमा नियामक संस्थेने २०२४ च्या एप्रिलपासून या बाबतीत काही बदल केले. कर्करोगासारखा आजार असलेल्यांसाठीही विमा उपलब्ध असावा असे धोरण तिने ठेवले. पूर्वीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. आणि सलग पाच वर्षे विमा चालू असल्यास, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपविल्याचे कारण देऊन दावा नाकारता येणार नाही असे ठरविले. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. हप्ता परवडेल असा असावा, एवढे तेवढे राहिले. फ्रान्समध्ये याहून पुढे मजल गेली आहे. तेथे २०१६ च्या कायद्याने असे ठरले की, उपचार संपून दहा वर्षे झाली आणि रोग उलटला नाही, तर घरासाठी कर्ज घेताना विमा कंपनीस त्या जुन्या रोगाची माहिती देण्याचे बंधन नाही. २०२२ साली ही मुदत पाच वर्षांवर आणली गेली. या तरतुदीला तेथे विस्मरणाचा हक्क म्हणतात. माणसाने रोगावर मात केली, तर समाजानेही कधीतरी तो रोग विसरावा, ही कल्पना मला मोठी माणुसकीची वाटते. लग्नाच्या बोलणीत, नोकरीच्या मुलाखतीत, शेजारच्या गप्पांत आपणही तो विसरू शकलो तर त्यास कायदा लागणार नाही.

मग आरोग्याच्या धोरणात बदल करणाऱ्यांकडे आपण काय मागावे? फार काही नाही. पहिले असे की, ज्याचा उपचार सुरू झाला आहे त्याला तो उपचार संपेपर्यंत जुन्याच अटी लागू राहाव्यात. मग कार्ड बदलो, करार बदलो की सरकार बदलो. दुसरे, बदलाची सूचना तो अमलात येण्यापूर्वी पंचायतीत, आरोग्य उपकेंद्रात आणि औषधाच्या खिडकीवर लोकांच्या भाषेत लागावी. ती खिडकीशी पोहोचल्यावर कळू नये. तिसरे, दोन राज्यांमधील हिशेब राज्यांनी आपसात मिटवावेत, रोग्याच्या हातून नव्हे. चौथे, बरे झालेल्यांच्या फेरतपासणीला आणि रोजच्या गोळीला योजनेत स्थान असावे आणि ती सोय घराजवळ मिळावी. यांपैकी कोणत्याही गोष्टीस नवे शास्त्र लागत नाही. थोडी दूरदृष्टी आणि पुष्कळशी चिकाटी लागते.

आणि आपल्याकडूनही थोडे व्हावयास हवे. इस्पितळाचे सर्व कागद, अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत, तारखांच्या क्रमाने ठेवाव्यात. दुसऱ्या इस्पितळात जावे लागले तर त्या पिशवीइतका चांगला साक्षीदार नाही. कार्डाची मुदत कधी संपते हे घराच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे आणि महिनाभर आधी चौकशी करावी. “आता ती योजना बंद झाली” अशी बाजारातली वार्ता ऐकून कोणी उपचार थांबवू नये. इस्पितळातील समाजसेवा अधिकाऱ्यास आधी विचारावे. शेजारी अशी एखादी व्यक्ती असेल तर तिच्याबरोबर एक दिवस बांबोळीस जाऊन यावे. धीर देण्याच्या शब्दांपेक्षा बसमधल्या सोबतीची तिला अधिक गरज असते.

ज्या स्त्रीपासून आपण सुरुवात केली तिच्यासारख्या कितीतरी स्त्रिया आज आपल्या गावागावांत आहेत. त्यांच्यापैकी कोणी नुकतीच गाठ चाचपून घाबरली असेल, कोणी दहावा डोस घेऊन परतत असेल, कोणी पाच वर्षे पुरी करून अंगणात मिरच्या वाळत घालीत असेल. त्यांना शासनाकडून चमत्कार नको आहेत. काल ज्या खिडकीवर औषध मिळाले त्याच खिडकीवर उद्याही मिळेल, एवढा भरवसा हवा आहे. तो देता आला तर धोरणे खुशाल बदलोत.